मणक्यातील चकतीच्या झिजेवर प्राण्यांमध्ये संशोधन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अस्थिरोग विभागातले निवासी डॉक्टर, पशुवैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि जैवअभियांत्रिकीत पीएचडी करणारे संशोधक जेव्हा मणक्यातील चकतीच्या झिजेवर काम करायचे ठरवतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘रॅट घ्यावा की ससा?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सर्वांत आधी विचारण्याचा नाही. या वाटेने मी स्वतः गेले आहे आणि मुंबईतल्या प्रयोगशाळांमध्ये हे काम करताना कुठे अडायला होते, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या क्रमाने निर्णय घेतले तर प्राणीही वाया जात नाहीत आणि प्रबंधाची वर्षेही, तो क्रम पुढे दिला आहे.

१. संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहा

‘चकतीच्या झिजेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. झीज कशामुळे सुरू होते हे शोधायचे आहे, की झिजलेल्या चकतीवर एखादे औषध, पेशी किंवा जेल वापरून पाहायचे आहे? चकतीच्या यांत्रिक गुणधर्मांत होणारा बदल मोजायचा आहे, की प्राण्याला होणारी वेदना? या चार प्रश्नांसाठी चार वेगळी मॉडेल, म्हणजे प्राण्यात झीज घडवून ती अभ्यासण्याच्या वेगळ्या रीती, लागतात आणि एकच मॉडेल चारही प्रश्नांची उत्तरे देईल, ही अपेक्षा ठेवली की प्रयोग तिथेच फसतो.

विशेषतः झीज आणि वेदना या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे एमआरआयवर काळी दिसणारी चकती दुखतेच असे नाही. प्राण्याच्या चकतीची उंची कमी झाली एवढ्यावरून ‘पाठदुखीचे मॉडेल तयार झाले’ असे लिहिले, तर परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेतील, आणि तो रास्त असेल.

२. माणसाची चकती आणि प्राण्याची चकती यांतला फरक समजून घ्या

चकतीच्या मध्यभागी न्यूक्लिअस पल्पोससचा पाणीदार गाभा असतो, त्याभोवती अ‍ॅन्युलस फायब्रोससच्या तंतुमय कड्या असतात आणि वर-खाली कूर्चेच्या एंडप्लेट असतात. प्रौढ चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिथल्या पेशींना प्राणवायू आणि ग्लुकोज मुख्यतः एंडप्लेटमधून झिरपतच मिळते. त्यामुळे चकतीचा आकार हा केवळ मोजमापाचा तपशील राहत नाही. माणसाच्या कमरेतील चकती साधारण एक सेंटीमीटर उंच असते, मेंढीची सुमारे ४ मिलिमीटर, रॅटच्या शेपटीतली जेमतेम १ मिलिमीटर आणि माउसची मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. इतक्या कमी अंतरावर पोषण सहज पोहोचते, म्हणून रॅटमध्ये टिकलेल्या पेशी माणसाच्या उपाशी चकतीत टिकतीलच, असे म्हणता येत नाही.

दुसरा फरक पेशींचा आहे आणि नवख्यांकडून हाच सर्वाधिक वेळा दुर्लक्षिला जातो. गर्भावस्थेत न्यूक्लिअसमध्ये नोटोकॉर्डच्या, म्हणजे गर्भातल्या कण्याच्या आद्य दांड्याच्या, मोठ्या, पोकळ्यांनी भरलेल्या पेशी असतात. माणसात त्या साधारण वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ नाहीशा होतात. रॅट, माउस, ससा आणि डुक्कर यांच्यात मात्र त्या मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात. मेंढी, बकरी तसेच बीगल आणि डॅक्सहुंड या जातींच्या कुत्र्यांमध्ये त्या लवकर कमी होतात. नोटोकॉर्ड पेशी असलेली चकती स्वतःची दुरुस्ती तुलनेने चांगली करते. तेव्हा रॅट किंवा सशामध्ये एखाद्या उपचाराने चकती सुधारलेली दिसली, तर त्यातला किती वाटा उपचाराचा आणि किती त्या पेशींचा, हा प्रश्न तुम्ही स्वतःच उपस्थित करा.

याशिवाय एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: प्राणी चार पायांवर चालतात, मग त्यांच्या मणक्यावर माणसासारखा भार कसा येणार? हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. कणा आडवा असला तरी तो स्थिर ठेवण्यासाठी स्नायू त्याला लांबीच्या दिशेने दाबून धरतात, आणि चतुष्पाद प्राण्यांच्या मणक्यातील हाडांची जाळीही त्याच दिशेने रचलेली आढळते. खरा अडथळा रॅटच्या शेपटीबाबत येतो. तिथे मज्जारज्जू नाही, मागचे सांधे नाहीत आणि भारही वेगळा आहे. शेपटी हाताळायला सोपी आहे आणि प्राण्याला शस्त्रक्रियेचा त्रास कमी होतो, म्हणून सुरुवातीला ती योग्य ठरते, परंतु नस दबण्याविषयी तिच्यावरून काहीही सांगता येत नाही.

३. झीज कशी घडवून आणायची ते ठरवा

सुईने अ‍ॅन्युलस भेदणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. चाकूच्या टोकाने सशाच्या अ‍ॅन्युलसला छेद देण्याचे काम लिप्सन आणि म्यूर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि पुढे ठरावीक जाडीच्या सुया वापरल्यामुळे इजेचे प्रमाण आटोक्यात आले. मेंढीमध्ये बाहेरच्या कड्यांना मर्यादित छेद देऊन संथ गतीने झीज घडवता येते, हे १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑस्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

सुईच्या जाडीबाबत एक हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. २० गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.९ मिलिमीटर असतो, २६ गेजचा सुमारे ०.४६. रॅटच्या शेपटीतली चकती १ मिलिमीटर उंच धरली, तर पहिली सुई चकतीच्या उंचीच्या जवळपास ९० टक्के जागा व्यापते आणि दुसरी निम्म्याहून थोडी कमी. सुईचा व्यास चकतीच्या उंचीच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ठळक बदल सहसा दिसत नाहीत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक विश्लेषणात आढळले. म्हणून ‘अमुक शोधनिबंधात २१ गेज वापरली आहे’ एवढे कारण पुरत नाही. त्या निबंधातला प्राणी, त्याचे वय आणि चकतीची पातळी (म्हणजे कण्यातली कितवी चकती) तुमच्यासारखीच आहे का, ते पाहा. याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. चकतीत औषध सोडण्यासाठी तुम्ही जी सुई वापराल तीही इजाच करते, म्हणून केवळ सलाइन टोचलेला गट ठेवावाच लागतो. माणसांच्या चकतीत तपासणीसाठी बारीक सुई टोचली असता दहा वर्षांनंतर त्या चकत्यांमध्ये जास्त झीज आढळली, असे २००९ च्या एका अभ्यासात दिसले आहे.

विकर (एन्झाइम) वापरून गाभा विरघळवणे हा दुसरा मार्ग. बकरीच्या चकतीत कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे विकर अल्प मात्रेत सोडले तर सौम्य आणि हळूहळू वाढणारी झीज मिळते. याच जातीचे विकर जपानमध्ये २०१८ पासून सरकलेल्या चकतीवर औषध म्हणून मंजूर आहे, हे लक्षात घेतले तर मात्रेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आधी थोड्या प्राण्यांत मात्रा निश्चित केल्याखेरीज मुख्य प्रयोग सुरू करू नका.

शेपटीवर बाहेरून कड्या बसवून दाब देणे हा तिसरा मार्ग यांत्रिक भाराच्या प्रश्नांसाठी उत्तम आहे. वयाबरोबर आपोआप होणारी झीज हवी असेल, तर सँड रॅट, वर सांगितलेल्या जातींचे कुत्रे किंवा स्पार्क हे जनुक नसलेले माउस असे पर्याय आहेत. या माउसमध्ये वयानुसार झिजेबरोबर वेदनेची वर्तनचिन्हेही दिसतात, त्यामुळे वेदनेच्या प्रश्नासाठी ते मोलाचे ठरतात. मात्र ते मिळवणे, त्यांची वंशशुद्धता राखणे आणि ते म्हातारे होईपर्यंत सांभाळणे हे दोन वर्षांच्या प्रबंधात बसत नाही.

सुई आणि विकर या दोन्हींमुळे घडते ती इजा असते आणि माणसात दिसते ती बहुतांशी वर्षानुवर्षांची झीज असते. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे वाक्य लिहायचे आहे, असे समजूनच मॉडेल निवडा.

४. जिवंत प्राण्याविना काम होते का ते पाहा

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि त्रास कमी करणे ही तीन तत्त्वे एथिक्स कमिटीच्या अर्जात एक परिच्छेद भरण्यापुरती नाहीत. औषध पेशींना घातक आहे का, जेल किती दाब सहन करते, अशा प्रश्नांची उत्तरे खाटीकखान्यातून आणलेल्या चकत्यांवर मिळू शकतात.

परदेशी निबंधांत यासाठी गायीच्या शेपटीतल्या चकत्या सर्रास वापरलेल्या दिसतील. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे ती कार्यपद्धती इथे जशीच्या तशी उचलता येत नाही. बकरी किंवा म्हशीच्या चकत्यांवर पद्धत नव्याने बसवावी लागते. देवनारच्या कत्तलखान्यातून नमुना आणणार असाल तर संस्थेचे पत्र आणि रीतसर परवानगी आधी घ्या, जनावराचे अंदाजे वय तिथेच नोंदवा आणि शेपटी किंवा कणा सलग तुकड्यातच, बर्फात ठेवून आणा. चकती हाडांपासून तिथेच सोडवली तर ती पाणी शोषून फुगते आणि मग तिच्या उंचीचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह राहत नाही.

५. परवानगीची कागदपत्रे जमवा

प्राण्यांशी क्रूर वर्तनास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि प्रयोगांविषयीचे १९९८ चे नियम यांच्या चौकटीत हे सगळे काम चालते. पूर्वी सीपीसीएसईए या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय समिती आता सीसीएसईए म्हणून ओळखली जाते. तुमची संस्था तिच्याकडे नोंदणीकृत असली पाहिजे आणि संस्थेत आयएईसी, म्हणजे संस्थेची प्राणी-नैतिकता समिती, असली पाहिजे. रॅट, माउस आणि सशांच्या प्रयोगांना ही समिती मान्यता देऊ शकते. मेंढी, बकरी, डुक्कर, कुत्रा अशा मोठ्या प्राण्यांसाठी अर्ज केंद्रीय समितीकडे जातो आणि त्यात प्रयोगानंतर प्राण्याचे पुनर्वसन कसे करणार, हेही सांगावे लागते. पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत मोठा प्राणी बसवायचा विचार असेल, तर मार्गदर्शकांशी या मुद्द्यावर अगदी सुरुवातीलाच बोला.

अर्जाबरोबर साधारणपणे पुढील गोष्टी तयार ठेवाव्या लागतात:

- ‘बी’ नमुन्यातील अर्ज आणि संशोधनाचा सविस्तर आराखडा
- प्राण्यांची संख्या कशी काढली याचे संख्याशास्त्रीय समर्थन
- भूल, वेदनाशामक आणि शेवटी प्राण्याला वेदनारहित मरण देण्याची पद्धत, मात्रांसह
- प्राण्याला त्रास असह्य झाल्यास प्रयोग कोणत्या टप्प्यावर थांबवणार, याचे लेखी निकष
- शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा पुरावा आणि पशुवैद्यकाची संमती
- नोंदणीकृत पैदासकाराचे पत्र. बाजारातून आणलेले ससे चालत नाहीत
- जनुकबदल केलेले प्राणी असतील तर जैवसुरक्षा समितीची मान्यता

अर्ज बहुधा अडतो तो दोन जागी. पहिली जागा संख्येची: ‘आधीच्या निबंधात सहा होते म्हणून सहा’ हे समर्थन समिती मान्य करत नाही आणि तिने करूही नये. दुसरी जागा औषधांची: केटामाइन औषधविषयक नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत येते, त्यामुळे त्याची खरेदी, साठा आणि नोंदवही यांची जबाबदारी कोणाची, हे रुग्णालयाच्या औषधविभागाशी आधी ठरवून घ्या. परवानगी हातात पडली पण भूल देण्याचे औषध नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

परळच्या परिसरात केईएम, हाफकिन, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि प्रजनन स्वास्थ्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याने अर्ज लिहिण्यापूर्वी एखाद्या अनुभवी पशुवैद्यकासमोर तासभर बसावे, असा माझा आग्रह आहे. माणसांची शस्त्रक्रिया उत्तम येत असली तरी सशाला भूल देणे ही वेगळी विद्या आहे.

६. प्राणी आणि अ‍ॅनिमल हाउस यांची सोय लावा

पूर्ण वाढ झालेले प्राणी मागवा. वाढीच्या वयातल्या रॅटमध्ये नियंत्रण गटाच्या चकत्यांची उंचीही बदलत राहते आणि त्यात तुमचा परिणाम झाकला जातो. ससा घ्यायचा असेल तर सहा महिन्यांहून मोठा घ्या. नर आणि मादी दोन्ही घेता येतील का याचा विचार करा, आणि घेणार नसाल तर त्याचे कारण लिहा. आल्यानंतर निदान आठवडाभर त्यांना रुळू द्या.

मुंबईत पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. खोलीची आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत ठेवायची तर वातानुकूलन अखंड चालले पाहिजे, म्हणून जनित्रावर अ‍ॅनिमल हाउस जोडलेले आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये लोकल बंद पडली म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या प्राण्याला वेदनाशामक मिळाले नाही, असे होऊन चालत नाही. चालत पोहोचू शकेल अशा सहकाऱ्याचे नाव त्या आठवड्याच्या तक्त्यात लिहून ठेवा, किंवा शस्त्रक्रियांच्या तारखाच पुढे न्या.

७. शस्त्रक्रिया: रॅटच्या शेपटीचे उदाहरण

चुकीच्या पातळीवर सुई जाणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. बोटाने चाचपून चकती सापडते खरी, पण मोजणी त्रिकास्थीपासून (कमरेखालच्या, शेपटीच्या वरच्या हाडापासून) करायची असते आणि केसाळ भाग संपतो तिथे ती हमखास चुकते. भूल दिल्यावर शेपटीच्या त्वचेवर खूण करा, त्या खुणेवर बारीक सुई आडवी चिकटवून एक्स-रे घ्या आणि पातळी निश्चित झाल्यावरच पुढे जा.

सुई किती आत जाणार, हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे अनेकांनी वापरलेल्या पद्धतीत २० गेजची सुई ५ मिलिमीटर आत नेऊन, पूर्ण फिरवून, ३० सेकंद तशीच ठेवतात. सुईवर निर्जंतुक प्लॅस्टिक नळीचा तुकडा असा चढवा की फक्त ५ मिलिमीटर टोक मोकळे राहील. सुई एंडप्लेटशी समांतर गेली तर अ‍ॅन्युलस पार करताना हाताला आधी रबरासारखा विरोध जाणवतो आणि मग तो अचानक सुटतो. हाडाचा कडकपणा जाणवला तर एंडप्लेटला इजा झाली असे समजा, नोंद करा आणि त्या चकतीचे काय करायचे ते आधीच ठरवलेल्या नियमाने ठरवा. निकाल पाहून वगळण्याचा निर्णय घेतला तर तो पक्षपात होतो.

वेदनाशामकाची निवडही आराखड्यात असू द्या. मेलॉक्सिकॅम दाह कमी करते, आणि दाहकारक रेणू मोजायचे असतील तर त्याचा परिणाम मोजमापात उतरतो. उपाय म्हणून औषध बदला किंवा सर्व गटांना तेच द्या. वेदनाशामकच न देणे हा उपाय नव्हे.

८. मोजमाप

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर ठरावीक अंतराने एक्स-रे घेऊन चकतीच्या उंचीचा निर्देशांक काढा. चकतीची उंची शेजारच्या मणक्यांच्या लांबीच्या प्रमाणात मांडल्यामुळे लहान-मोठ्या प्राण्यांची तुलना होते. शेपटी किंचित वाकली तरी उंची खोटी कमी दिसते, म्हणून भूल देऊन, सरळ पट्टीवर ठेवूनच चित्र घ्या. एमआरआयसाठी फिरमान यांची २००१ ची पाच श्रेणींची पद्धत माणसांकरिता आहे. सशामध्ये ती जपून वापरता येते, रॅटसाठी लहान प्राण्यांचे उच्च क्षमतेचे यंत्र लागते.

९. ऊतक आणि काचपट्टी

इथे घाई करणाऱ्याचे सगळे आधीचे कष्ट पाण्यात जातात. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या मणक्यातील कॅल्शियम काढल्याशिवाय छेद घेता येत नाही. आम्ल वापरले तर हे काम लवकर उरकते, पण ऊतक रंगवण्यासाठी वापरायच्या सॅफ्रॅनिन-ओचा लाल रंग फिका पडतो आणि प्रतिपिंडांनी करायच्या तपासण्या बिघडतात. ईडीटीए वापरा. त्याला काही आठवडे लागतात, द्रावण नियमित बदलावे लागते आणि काम झाले की नाही ते टाचणी टोचून नव्हे, एक्स-रेवर पाहायचे असते.

छेद बरोबर मध्यातून जायला हवा. रॅटची चकती इतकी लहान असते की छेद बाजूला सरकला तर गाभा छोटा आणि कड्या जाड दिसतात, आणि निरोगी चकतीही झिजलेली भासते. मेणाच्या ठोकळ्यातून सलग छेद घ्या, मज्जारज्जूचा पोकळ मार्ग किंवा शेपटीत दोन्ही मणक्यांचा सर्वांत रुंद भाग दिसेल तो छेद निवडा, आणि हा नियम सर्व प्राण्यांना सारखा लावा. गाभ्यातल्या फटी बघून लगेच झीज म्हणू नका. फॉर्मलिनने आक्रसल्यामुळेही त्या पडतात. निरोगी गटात त्या किती आहेत ते आधी पाहा.

गुण देण्यासाठी स्वतःची पद्धत बनवू नका. जेओआर स्पाइन या नियतकालिकात २०२१ मध्ये रॅट, माउस, ससा यांच्यासाठी वेगवेगळ्या गुणपद्धती प्रसिद्ध झाल्या आहेत. गट माहीत नसलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि त्यांच्यातील एकवाक्यता मोजावी.

१०. आकडेमोड आणि लेखन

आठ रॅट आणि प्रत्येकी तीन चकत्या म्हणजे चोवीस नमुने नव्हेत. एकाच प्राण्याच्या चकत्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, म्हणून विश्लेषणाचे एकक प्राणी हेच राहते, किंवा हे नाते लक्षात घेणारे संख्याशास्त्रीय मॉडेल वापरावे लागते. शेजारची न टोचलेली चकती नियंत्रण म्हणून सोयीची वाटते, पण बाजूची चकती खचली की तिच्यावरचा भारही बदलतो. शक्य असेल तर एक पातळी सोडून पुढची घ्या आणि हात न लावलेल्या प्राण्यांचा छोटा गट वेगळा ठेवा. कोणता प्राणी कोणत्या गटात, हे संगणकाने ठरवा.

लिहिताना प्राण्यांवरील प्रयोगांच्या लेखनाविषयीची २०२० ची अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवा, खरे तर प्रयोगाच्या आराखड्याच्या वेळीच. किती प्राणी दगावले, किती चकत्या वगळल्या आणि का, हे निबंधात आले पाहिजे. अपेक्षित परिणाम दिसला नाही तरी निबंध लिहा. तो लिहिला नाही तर दुसरी एखादी प्रयोगशाळा तेवढेच प्राणी वापरून तोच प्रयोग पुन्हा करेल.

मृत प्राण्यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून करा आणि त्याची नोंद समितीच्या अहवालासाठी जपून ठेवा. मेणाचे ठोकळे टाकू नका, कारण परीक्षक ऊतक आणखी एका रंगाने रंगवून मागण्याची शक्यता बरीच असते. ठोकळ्यावर प्राण्याचा क्रमांक आणि चकतीची पातळी दोन्ही पेन्सिलने लिहा, कारण शाई झायलिनमध्ये पुसली जाते, आणि पावसाळ्यात काचपट्ट्यांच्या खोक्यात सिलिका जेल ठेवून ते दर महिन्याला बदला.